एकरांना मत नसते

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा विषय निघाला की 'नुसती डोकी मोजून जागा वाटल्या तर खेड्यांना विचारणार कोण?' हा प्रश्न येतोच. अमेरिकेत साठ वर्षांपूर्वी याच प्रश्नावरून घटनादुरुस्तीचा घाट घातला गेला होता.

अलाबामा राज्यात १९०१ नंतर जागांची फेरवाटणीच झालेली नव्हती. सहा लाखांहून अधिक वस्तीच्या जेफरसन काउंटीला (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, एक जागा आणि जेमतेम पंधरा हजारांच्या लाउन्ड्स काउंटीलाही एकच! जून १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने राज्यांची दोन्ही सभागृहे लोकसंख्येनुसारच असली पाहिजेत, असा निकाल दिला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी त्यात बजावले की, आमदार माणसांचे प्रतिनिधी असतात, झाडांचे किंवा एकरांचे नव्हेत.

इलिनॉयचे सिनेटर एव्हरेट डर्कसन यांना हे पटले नाही. जनतेने कौल दिला तर राज्याच्या निदान एका सभागृहाची वाटणी लोकसंख्येपेक्षा वेगळ्या निकषावर करू द्या, असे त्यांचे म्हणणे. ते अगदीच उडवून लावण्यासारखे नव्हते. कोलोरॅडोत १९६२ च्या सार्वमतात प्रत्येक काउंटीने अशी वाटणी बहुमताने स्वीकारली होती, तीही कोर्टाने रद्द केली. पण घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मते लागतात. देशाच्या सिनेटमध्ये १९६५ साली बाजूने ५७ विरुद्ध ३९, पुढच्या वर्षी ५५ विरुद्ध ३८. दोन्ही वेळा सात मते कमी पडली. मग राज्यांकडून घटना परिषदेची, म्हणजे घटनादुरुस्ती सुचवणाऱ्या खास सभेची, मागणी करवून पाहिली. ३४ राज्ये हवी होती, ३३ वर गाडी अडली.

मी खेडचा. २००८ च्या पुनर्रचनेत रत्नागिरी जिल्ह्याचे आमदार सातावरून पाचावर आले. आमचा खेड मतदारसंघच गेला; तालुका थोडा दापोलीत, थोडा गुहागरात. तेव्हा मीही चिडून डर्कसनसारखेच बोलत होतो. पण आमच्या वाडीतल्या बारा घरांपैकी सात घरांना कुलूप आहे. ती माणसे काही नाहीशी झालेली नाहीत, नालासोपारा-दिव्याला मतदान करतात. माझा धाकटा भाऊ त्यांतलाच. त्याचे मत हलके करून माझा आमदार मला परत मिळणार असेल, तर गणपतीला तो घरी आल्यावर मी त्याला काय सांगू?

आपला,
एक वाचक, खेड (जि. रत्नागिरी)