बालगृहातून बाहेर पडणाऱ्या पोरांना एक हक्काचं माणूस द्या

संपादक साहेब, नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की पेपरात करिअर मार्गदर्शनाची पानंच्या पानं येतात, चांगलंच आहे, पण १८ पूर्ण झाले की ज्यांना बालगृह सोडावं लागतं त्या मुलांबद्दल त्यात काहीच नसतं, म्हणून लिहितेय. मी बँकेतून रिटायर झाले, आणि गेली तीन वर्षं दर शनिवारी इथल्या एका बालगृहात मोठ्या मुलांना भेटायला जाते.

पहिला मुलगा भेटला तेव्हा साडेसतरा वर्षांचा होता. हुशार, आयटीआयला इलेक्ट्रिशियन करत होता. पण त्यानं आयुष्यात कधी किराणा आणलेला नव्हता, लहानपणापासून घंटा झाली की ताट समोर. एक किलो मीठ एका माणसाला किती दिवस जाईल विचारलं तर म्हणाला, "आठवडाभर जाईल का मॅडम?" आपल्या घरात हे कोण मुद्दाम शिकवतं हो, पोरं आईच्या मागं दुकानात जाऊन जाऊनच शिकतात. बँकेत खातं होतं पण त्याला नंबर जोडलेला एका जुन्या सरांचा, ते कधीच बदली होऊन गेलेले, मग ओटीपी जायचा तिकडं. आधारवर पत्ता बालगृहाचा, आणि खोली बघायला गेला तर घरमालकाचा पहिला प्रश्न, घरचं कोण आहे, त्यांना घेऊन ये.

कायद्यात काहीच नाही असं नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्था सोडणाऱ्या मुलांना मदत देण्याबद्दल कलम ४६ आहे, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधारासाठी, महिना ४,००० रुपये आहेत, २१ वर्षांपर्यंत आणि खास केसमध्ये २३ पर्यंत. सहा ते आठ जणांनी मिळून राहायची सोय, समुपदेशकानं नियमित संपर्कात राहायचं, हे सगळं नियमात लिहिलंय. आपल्या राज्यात २०१८ पासून अनाथांना १ टक्का समांतर आरक्षणही आहे. पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं आणि ते काढायचं असतं हेच कितीतरी पोरांना बाहेर पडल्यावर कळतं. आणि नियमाप्रमाणं बाहेर पडल्यानंतरचा प्लॅन बनवायचा कधी, तर दोन महिने आधी. दोन महिन्यांत काय होणार? त्या मुलाचा नुसता मोबाईल नंबर बदलायला आम्हाला पाच चकरा पडल्या, आणि मी बँकेतली असून.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मूल १६ चं झालं की त्याला बाहेरचा एक मेंटॉर जोडून द्यावा, आणि तोच माणूस १८ नंतरही निदान तीन वर्षं राहावा. पोलीस व्हेरिफिकेशन करा, ट्रेनिंग द्या, बाल कल्याण समितीनं लक्ष ठेवावं, ते पाहिजेच. संस्थेतल्या लोकांना मी दोष देत नाही, एकेका माणसावर इतकी मुलं असतात की रोजचं जेवण, शाळा, दवाखाना ह्यातच दिवस संपतो.

आणि एक कळकळीची विनंती, वाढदिवसाचा केक घेऊन येणारे, फोटो काढून जाणारे खूप आहेत, मेंटॉर तसा नको. चार शनिवार येऊन पाचव्याला बंद होणार असाल तर सुरूच करू नका. ह्या पोरांना माणसं सोडून जायची आधीच सवय असते, ती म्हणत काही नाहीत, फक्त पुढच्या माणसाशी बोलत नाहीत.

तो मुलगा आता २० चा आहे, नोकरीला आहे. मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊला फोन, कुकरची शिट्टी होत नाही, वाफ नुसती बाजूनं जातेय, काय करू. गॅस बंद कर म्हटलं, मग रिंग काढून धुवायला लावली, झाली शिट्टी.

आपल्या जिल्ह्यात असं काम करायची तयारी असलेले रिटायर शिक्षक, बँकवाले, नर्स भरपूर आहेत, मला रोज कोणीतरी विचारतं. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडं अर्ज कसा करायचा, काय कागद लागतात, हे आपण एकदा विचारून पेपरात ठळक छापावं.

एक वाचक, कोल्हापूर