वजनकाट्यावर पैसे मोजणं थांबवा: नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात एका नगरपालिकेच्या कचरा डेपोवरून आलेलं कंपोस्ट आमच्याकडच्या उसाच्या सऱ्यांत पडलं. दोन पाणी झाल्यावर वर आलं ते काय? शाम्पूच्या पुड्या, काचेचे तुकडे आणि टोमॅटोची रोपं.

टोमॅटो उगवला, म्हणजे कंपोस्टचा ढीग तापलाच नव्हता. ५५ ते ६५ अंशांवर ढीग काही दिवस राहिला आणि वेळेवर पलटी मारली, की बी मरतं, रोगजंतूही मरतात. नुसता भाजीपाला आणि शिळं अन्न रचलं तर ते बसतं, हवा कोंडते आणि सडका वास सुटतो. त्यात पालापाचोळा, भुसा किंवा पाचट मिसळून कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) गुणोत्तर तिसास एकच्या आसपास आणावं लागतं. मूठ आवळली की बोटांना ओल लागावी, धार लागू नये. आठवड्याला पलटी द्यायची, शेवटी महिनाभर मुरू द्यायचं. पावसाळ्यात ढिगावर छप्पर हवंच, नाहीतर ढीग गार पडतो आणि काळं पाणी ओढ्याला जातं. अर्धवट कुजलेलं खत शेतात गेलं की कुजायचं काम तिथे सुरू होतं, जमिनीतलं नत्र त्यातच अडकतं आणि पीक पिवळं पडतं. नुकसान भरायला मग शेतकरी युरियाच टाकतो.

काचेचं तर चाळणीनेही भागत नाही. मिसळलेला कचरा यंत्रात भरडला की काच बारीक होते आणि ४ मिलिमीटरच्या चाळणीतून खतासोबतच खाली उतरते. बॅटरीतलं शिसं, कॅडमियम तर दिसतही नाही. कंपोस्टात शिशाची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे. त्या मर्यादेवरचं 'पास' खतसुद्धा एकरी २ टन टाकलं तर २०० ग्रॅम शिसं जमिनीत जातं, आणि ते परत निघत नाही. म्हणून ओल्या-सुक्या कचऱ्याचं वर्गीकरण घरातच व्हायला हवं. २०१६ च्या घनकचरा नियमांतच ते बंधनकारक केलं होतं. मग घंटागाडीचे दोन्ही कप्पे डेपोवर एकाच ढिगात का रिकामे होतात?

कारण कचरा वाहणाऱ्या ठेकेदाराला पैसे वजनकाट्यावर मिळतात. राडारोडाही वजन भरतो. ढिगातून पुढे काय निघालं, याच्याशी बिलाचा संबंधच नाही. ही निविदा तुमच्याच खात्याखाली निघते, साहेब!

वर शेतकऱ्याला सेंद्रिय कर्बाचे धडे देता. हिशेब करा. नत्र ०.८ टक्के धरलं तर २ टन कंपोस्टात १६ किलो नत्र. २६६ रुपये ५० पैशांच्या ४५ किलोच्या एका युरियाच्या गोणीत २० किलोच्या वर. शेतकरी कंपोस्ट घेतो तो त्यातल्या दोन-अडीचशे किलो कर्बासाठी, आणि त्याचं भाडं, हमाली त्याच्याच खिशातून जाते. २०१६ साली केंद्राने कंपोस्टच्या टनामागे १५०० रुपये मदत जाहीर केली, तीही खत विकणाऱ्यांच्या नावे. युरियाला अनुदान, कचरा वाहणाऱ्याला बिल, विकणाऱ्याला मदत, आणि काच वेचायला आमच्या बाया. प्रत्येक योजनेत हेच चालतं!

बिल तयार खताच्या टनावर द्या. प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळेचा अहवाल पोत्यावर छापा. नापास खत पालिकेने स्वखर्चाने परत उचलावं. आणि येत्या पावसाळ्याआधी प्रत्येक डेपोवर छप्पर घाला.

आपले,
डेपोलगतच्या गावांतले शेतकरी