औषध धोरणात रुग्णालाही बोलू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने आठ औषधांच्या अकरा प्रकारांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवली. त्यात दम्यावरचे साल्ब्युटामॉल आणि मानसिक आजारावरचे लिथियमही होते. कच्चा माल महागल्याने उत्पादन परवडत नाही, हे कंपन्यांचे म्हणणे खोटे असेलच असे नाही, आणि औषध बाजारातून नाहीसे होण्यापेक्षा थोडे महाग मिळालेले बरे, हेही मान्य. मात्र महिनाअखेरीस दुकानदाराला कात्रीने पट्टी कापायला लावून चारच गोळ्या घेणाऱ्या माणसाला या निर्णयाआधी कोणी काही विचारल्याचे दिसत नाही.

अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय यादी (२०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत) तज्ज्ञच ठरवतात, आणि औषधाचा गुणदोष त्यांनीच ठरवावा. परंतु कोणती गैरसोय सोसवते, कोणता खर्च घर बुडवतो, हे प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचे नाहीत. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेत कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २००२ मध्ये सामान्य नागरिकांची परिषद नेमून नेमक्या अशाच प्रश्नांवर त्यांचे मत घेतले होते. आपल्याकडे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटच्या किमतींवर फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा आली, तीही जनहित याचिकेनंतर. दरवेळी न्यायालयाची पायरी चढावी लागणे हा काही लोकसहभाग नव्हे.

निदान राज्याच्या औषध खरेदीत तरी रुग्णांचे प्रतिनिधी घ्यावेत, मसुदे मराठीत प्रसिद्ध करावेत आणि आलेल्या हरकतींना लेखी उत्तर द्यावे.

– एक वाचक, सांगली