रविवारच्या खेळवर्गाबद्दल

मंडळी, या रविवारी सकाळी ९ ला ऊसतोडीच्या तळावर खेळवर्ग आहे, ज्यांना जमेल त्यांनी नक्की या. तिथल्या पोरांचे आईबाप पहाटेच उसाच्या फडात जातात आणि मोठी पोरं कोपीवर (तळावरच्या झोपडीत) धाकट्यांना सांभाळत बसतात, म्हणून धाकट्यांना घेऊनच बसवायचं, "त्याला ठेवून ये" असं कुणी म्हणू नका प्लीज.

सागरगोटे, चिंचोके, जुनी भातुकली, लगोरीसाठी फरशीचे तुकडे घरी असतील तर आणा, नवीन महागडी खेळणी नकोत, त्यावरून भांडणं होतात. चिंचोक्यांनी बेरीज-वजाबाकी आपोआप होते, पण पहिला अर्धा तास शिकवायचं नाहीच, नुसतं खेळू द्या. दर हंगामात गाव आणि शाळा सुटलेली पोरं आहेत ही, भातुकलीत कुणी ट्रॅक्टर उलटल्याचा किंवा मारामारीचा खेळ खेळलं तर थांबवू नका, खोदून विचारू पण नका, शेजारी बसा, ते पोर सांगेल तेवढंच ऐका. बोलता येत नाही ते खेळात बाहेर येतं.

खेळ हा मुलांचा हक्क आहे, संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम ३१ मध्ये लिहिलंय, भारताने तो १९९२ ला मान्य केलाय.

फोटो काढू नका. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका.