उद्योगमंत्र्यांना खुले पत्र : सीएसआर (कंपन्यांचे समाजकार्य) राहू द्या, आधी आमची बिले द्यायला लावा

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

साहेब, भोसरी एमआयडीसीत माझे छोटे मशीन शॉप आहे. संगणकावर चालणारी तीन यंत्रे, दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी, बाकी जुने लेथ. चाकणच्या कंपन्यांना आणि त्यांच्या मोठ्या वेंडरना (पुरवठादारांना) आम्ही पार्ट करून देतो. उद्योग आले की गरिबी हटते, असे सगळीच सरकारे सांगत आली आहेत. माझा हेल्पर लातूरकडचा, ऑपरेटर बिहारचा. त्यांच्या घरची गरिबी हटायची असेल तर या शेडमधूनच हटेल, आणि ते बरेचसे माल घेणारा पैसे कधी देतो यावर ठरते.

एका बिलाचे काय होते ते सांगतो. माल गेला, बिल लागले की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला त्यावरचा जीएसटी मी भरतो. पैसे आलेले नसतात. घेणारा मात्र त्या कराचे क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, घेऊन मोकळा होतो. १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तरच त्याला ते सोडावे लागते. तोवर स्टीलवाला थांबत नाही, महावितरण तर नाहीच, आणि बँक सीसीवर (खेळत्या भांडवलाच्या कर्जावर) व्याज लावत असते. म्हणजे हजारो कोटींच्या कंपनीला भोसरीतला शेडवाला बिनव्याजी कर्ज देतो! ते कर्ज शेवटी निघते कामगाराच्या लांबलेल्या पगारातून. पगार लांबला की खोलीभाड्यासाठी तो सावकारी व्याजाने पैसे उचलतो.

कायदा नाही असे नाही. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायद्यात पैसे द्यायला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलच्या निकालाविरुद्ध कोर्टात जायचे तर खरेदीदाराने ७५ टक्के रक्कम आधी भरायची. एवढा कडक कायदा, पण तो हलतो तक्रार केल्यावर. पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरणार? एका कंपनीत मी व्याजाचा विषय काढला, तर परचेसवाले साहेब हसून म्हणाले, "पुढचं शेड्यूल हवंय ना?" म्हणजे पुढची ऑर्डर. मग २०२३ मध्ये प्राप्तिकरात ४३बी(एच) हे कलम आले. छोट्या उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. त्यावर काही महाभागांनी वेंडरलाच उद्यम नोंदणी (छोटा उद्योग असल्याची सरकारी नोंद) रद्द करायला सांगितले, म्हणजे हा नियमच लागू नको.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातले २ टक्के समाजकार्यासाठी बाजूला काढायला लावले. शाळांना बाके मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुरवठादाराचे पैसे वापरून कमावलेल्या नफ्यातून दान काढणे, याला धंद्यातली नीती म्हणायला जीभ रेटत नाही.

त्याच वर्षी २४ एप्रिलला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळली. अकराशेहून अधिक माणसे गेली, बहुतेक कपडे शिवणारे कामगार. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते. तिथून माल घेणाऱ्या परदेशी ब्रँडपैकी अनेकांकडे छापील आचारसंहिता होत्याच. फरक पडला तो ब्रँडना कायद्याने बांधून घेणारा करार झाल्यावर. कारखान्यांची तपासणी झाली, अहवाल जाहीर झाले, आणि दुरुस्ती न करणाऱ्याच्या ऑर्डरी बंद झाल्या. आपल्याकडेही सगळा उपदेश छोट्या कारखानदाराला होतो: किमान वेतन द्या, पीएफ भरा, सेफ्टी शूज द्या. द्यायलाच हवे. पण दर आणि तारीख ठरवणाऱ्याला कोण विचारतो?

आपल्या हातात सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. तिच्यातून मोठ्या प्रकल्पांना राज्य जीएसटीचा परतावा, वीज शुल्कात माफी, मुद्रांक शुल्कात सवलत मिळते. त्यात एक अट घाला. ४५ दिवसांपुढे थकवलेल्या पैशांचे सहामाही विवरण कंपन्यांना एमएसएमई-१ फॉर्ममध्ये केंद्राकडे भरावेच लागते. ते परताव्याच्या अर्जाला जोडायला लावा, आणि थकबाकी व्याजासह चुकती झाल्याशिवाय परतावा सोडू नका. कुणा वेंडरला तक्रार घेऊन पुढे यावे लागणार नाही. नवा इन्स्पेक्टरही नेमू नका, त्याच्यासाठी वेगळे पाकीट काढायची आमची ऐपत नाही.

आणि महामंडळे, महापालिकांकडे अडकलेली छोट्या उद्योगांची बिलेही एकदा मागवून घ्या. ४५ दिवसांचा नियम त्यांनाही लागू आहे.

आपला,
भोसरीतील एक लघुउद्योजक