बाकांवर नाव नको

श्टुटगार्ट, ७ डिसेंबर २०२५

प्रिय बाबा आणि आई, सलाम.

आपल्या चर्चच्या बाकांचे पैसे पाठवले आहेत. चर्चचा कर इथे पगारातूनच कापतात, आयकराच्या ८ टक्के. हे पैसे मात्र मी माझ्या मनाने वेगळे काढले होते. खजिनदारांकडून पावती जरूर घ्या, पण बाकांवर लावायला आजोबांच्या नावाची पाटी करायला टाकली असेल तर थांबवा. त्या दिवशी फोनवर माझा आवाज चढला आणि तुम्ही गप्प झालात, म्हणून आज नीट लिहिते.

काल इथे संत निकोलसचा सण होता. आदल्या रात्री मुलं दाराशी बूट ठेवतात, सकाळी त्यात खाऊ सापडतो. रात्रपाळी संपवून कपडे बदलायला गेले, तर माझ्या बुटात दोन संत्री, अक्रोड आणि चॉकलेट! कोणी ठेवलं विचारलं, तर सगळ्यांचं एकच उत्तर, "निकोलाउस." हा चौथ्या शतकातला मायराचा बिशप, आजच्या तुर्कस्तानातला. कथा अशी सांगतात, की एका माणसाला तीन मुली होत्या, हुंड्याला पैसा नव्हता, आणि तो पोरींना वाईट मार्गाला लावायच्या बेतात होता. निकोलसने रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोनं आत टाकलं, एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी बापाने त्याला गाठलंच. तेव्हा त्याने एवढंच मागितलं, हे कुणाला सांगू नकोस. त्या बापाला गावात मान वर करून फिरता यावं, हेही त्याच्या मनात असणार, असं मला वाटतं.

पाटीसाठी तुम्ही बायबलातलं मत्तय ५:१६ काढलंत, लोकांनी तुमची सत्कर्मे पाहावीत. बरोबर आहे. प्रेषित पौलानेही मासेदोनियातल्या मंडळ्यांनी किती दिलं ते करिंथच्या मंडळीला पत्रात उघड सांगितलं. पण त्या वचनाचा शेवट बघा बाबा, लोकांनी ते पाहून स्वर्गातल्या पित्याचा गौरव करायचा आहे. पाटी वाचून लोक आपल्या घराण्याचा करतील. लगेच पुढच्या अध्यायात येशू म्हणतो, कर्णा वाजवून दान करणारे आपलं प्रतिफळ भरून पावले आहेत. तिथला मूळ ग्रीक शब्द त्या काळी पावत्यांवर लिहीत, रक्कम पुरी मिळाली या अर्थी. आपल्या बायबलातही नेमका पावतीचाच शब्द आलाय. आजोबा शेताच्या खंडाच्या पावतीवर सही करताना "भरून पावलो" लिहायचे, आठवतं? मग त्या माणसाकडे काही येणं उरायचं नाही.

मी एवढी का चिडले, ते छोटूचं सांगितल्याशिवाय कळणार नाही. गेल्या वर्षी त्याची फी भरली आणि तासाभरात घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी कौतुक केलं. जेवणाच्या सुट्टीत मी ते मेसेज पुन्हा पुन्हा वाचत बसायची. त्यानंतर छोटूचे फोन कमी झाले. मागच्या महिन्यात एकदाचा बोलला, "ताई, लग्नात गेलो तरी सगळे विचारतात, ताईच्या पैशाचं चीज करतोयस ना?" मला उत्तर सुचलं नाही. सर्वस्व वाटलं आणि प्रीती नसली तर काही लाभ नाही, हे पौलाचं वचन मी संडे स्कूलमध्ये पाठ म्हणून बक्षीस घेतलं होतं.

मी त्याची माफी मागितली आहे. या सहामाहीची फी परस्पर कॉलेजात भरली. तुम्हाला सांगितलं ते तुमच्यापाशीच ठेवा, काकूलाही बोलू नका.

बाकं आली की त्यातली दोन मागे, दाराजवळच्या भिंतीला लावायला सांगा. म्हाताऱ्या बायका तिथे अजून सतरंजीवर बसतात आणि उठताना एकमेकींचे हात धरतात. आजोबाही शेवटी शेवटी तिथेच बसायचे.

आईच्या गुडघ्याचं कळवा.

तुमची,
ताई