ॲप संशोधकाचे, कोड कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेही पायाची जखम मोजणारे ॲप असो वा औषधांची आठवण करून देणारे, संशोधकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पेटंट मिळेल का? बहुधा नाही. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(के) ने निव्वळ संगणक प्रोग्रॅम व अल्गोरिदम वगळले आहेत, ३(आय) ने निदानाच्या पद्धती. त्यापलीकडे काही तांत्रिक नावीन्य असेल, तर शोधनिबंध छापण्याआधी तात्पुरता अर्ज करावा. पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

खरा घोळ कॉपीराइटमध्ये होतो. बाहेरच्या प्रोग्रॅमरला पैसे देऊन कोड लिहून घेतला, तर त्याचा पहिला मालक तो प्रोग्रॅमर. ‘पैसे मोजले, म्हणजे आपले झाले’ ही सवलत १९५७ च्या कायद्याने छायाचित्र, व्यक्तिचित्र, चित्रपट अशा मोजक्या कृतींना दिली आहे. सॉफ्टवेअर त्यात नाही. बिलाची पावती पुरत नाही, प्रोग्रॅमरच्या सहीचे हस्तांतरणपत्र लागते. त्यात मुदत लिहायची राहिली, तर कायदा ती ५ वर्षेच धरतो आणि प्रदेश राहिला, तर फक्त भारत. म्हणजे ॲप परदेशी कंपनीला देण्याची वेळ आली की पुन्हा प्रोग्रॅमरच्या दारात! पगारी प्राध्यापकाने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल, तर संस्थेचा. पीएचडीचा विद्यार्थी नोकर नसतो, पण प्रवेशाच्या वेळी कशावर सही केली, हे त्याने पुन्हा वाचावे.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, तरी ५०० रुपयांत न्यायालयात चालणारा प्रथमदर्शनी पुरावा मिळतो. अर्जासोबत सोर्स कोडची पहिली १० व शेवटची १० पाने द्यावी लागतात, तीही काही न झाकता. सर्व्हरचे पासवर्ड त्या पानांवर नाहीत ना, हे आधी पाहावे (खरे तर ते कोडात नसावेतच).

आणखी एक फसगत प्रश्नावल्यांची. स्मृतिभ्रंश तपासणारी ‘एमएमएसई’ कॉपीराइटखाली आहे; ॲपमध्ये घालायची तर प्रकाशकाचा परवाना हवा. नैराश्यासाठीची ‘पीएचक्यू-९’ मात्र परवानगीविना वापरता येते. ही चौकशी पहिला स्क्रीन बनवण्याआधीच करावी, कारण प्रश्नावली बदलली की गुणांची पद्धत बदलते आणि रुग्णांवरची पडताळणी पहिल्यापासून करावी लागते.

– एक वाचक, पुणे